कार्यालयीन मराठीतील कर्त्याचा लोप : गंगापूर तालुक्याच्या निमित्ताने

सरकारी कचेरीविषयीची नाराजी हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. दिरंगाई, टोलवाटोलवी, अपुरा कर्मचारीवर्ग, देवघेव ह्या गोष्टींची मुळे सत्तेच्या व पैशाच्या व्यवहारात आहेत, हे उघड आहे. तथापि कचेरी आणि नागरिक ह्यांच्यातील सारा व्यवहार अखेर भाषेतूनच घडतो. मागणी अर्जात होते, नकार पत्रात येतो, आणि तक्रार एक तर तोंडी राहते किंवा पुन्हा अर्जाचेच रूप घेते. ह्या व्यवहाराच्या भाषेची घडण कशी आहे, आणि नाराजी वाढविण्यात त्या घडणीचा वाटा किती, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे. उदाहरणे मुख्यतः गंगापूर तालुक्याच्या परिसरातील आहेत. पाहणी, प्रश्नावली अशा साधनांनी ती गोळा केलेली नाहीत. त्या भागात वर्षानुवर्षे जाणेयेणे असल्यामुळे जे कानावर पडले व डोळ्यांखालून गेले, त्यांतून ती निवडली आहेत.

१. नदीच्या दोन काठांची परिभाषा

गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. कायगाव ह्या काठी, प्रवरासंगम आणि टोके पलीकडच्या काठी. आज ह्या पुलावरून पुण्याकडे जाणाऱ्या प्रवाशास आपण एक जिल्हा ओलांडला एवढेच जाणवते. परंतु १९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे नेवासे तालुका ब्रिटिश मुलखातील अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात होता. अलीकडे गंगापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या समोरच्या काठावरील शेतकऱ्याच्या जमिनीचे कागद साडेसहा शतकांनंतर उर्दूत लिहिले जात होते, ही गोष्ट भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हैदराबाद संस्थानाची दरबारी भाषा प्रथम फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे दोन काठांवरील रयतेची बोली जवळजवळ एक असूनही तिची कचेरीतील परिभाषा निराळी झाली. तिकडे मामलेदार, तलाठी, प्रांत. इकडे तहसीलदार, पटवारी, गिरदावर. तिकडे जमीन गेल्यास ‘नुकसानभरपाई’ मिळते. इकडे ‘मावेजा’ मिळतो, किंवा अधिक अचूक सांगावयाचे तर, मावेजा मिळावयाचा असतो. सेतवार, खासरा पत्रक, मुंतखब हे शब्द नेवाशाच्या शेतकऱ्यास बहुधा ठाऊक नसतात. गंगापूरच्या शेतकऱ्याचा दावा मात्र पुष्कळदा त्यांच्यावरच उभा राहतो. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात कोणाचे नाव आहे, ह्यावर आजही मराठवाड्यात वाद चालतात.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर, विशेषतः १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, परिभाषा बदलू लागली. पटवारी जाऊन तलाठी आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मात्र ‘तहसीलदार’ हा शब्द साऱ्या राज्यासाठी स्वीकारला, म्हणजे ह्या एका बाबतीत अलीकडच्या काठाची सरशी झाली. पुढे २०२४ साली तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नामांतर झाले. मौज अशी की, गावातील वृद्ध माणूस अजूनही ‘पटवाऱ्याकडं जाऊन येतो’ असे म्हणतो, त्याचा मुलगा ‘तलाठी’ म्हणतो आणि कचेरीच्या दारावरील पाटी तिसरेच काही म्हणते. तीन पिढ्यांत अधिकाऱ्याचे नाव दोनदा बदलले. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी जावे लागण्याची क्रिया तीच राहिली.

जुन्या लिपींचा व भाषांचा हा वारसा केवळ कुतूहलाचा विषय नाही. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातील उर्दू व मोडी दप्तरे वाचणारी माणसे शोधावी लागली. आपल्या घराण्याची नोंद आपणांस वाचता येत नाही, ती वाचून सांगणाऱ्यावर विसंबावे लागते, हा अनुभव ह्या भागात नवा नाही.

२. शब्द कठीण कशाने होतो?

ह्यावर एक उत्तर तयार असते. परकी, यावनी भाषा लादली गेली म्हणून व्यवहार दुर्बोध झाला. ती काढून स्वभाषेतील शब्द घातले की तो सुबोध होईल. हाच विचार शिवकालीन राज्यव्यवहारकोशामागे होता आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाच्या कार्यामागेही होता. १९६२ चा पदनाम कोश, १९६४ चा राजभाषा अधिनियम, १९७३ चा शासन व्यवहार कोश हे त्या कार्याचे टप्पे होत. राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, ह्या हेतूच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु कारभार मराठीत आला म्हणून तो लोकांच्या भाषेत आला काय, हा प्रश्न उरतोच.

गंगापूरच्या बाजारात कोणासही विचारून पाहावे. अर्ज, दाखला, वारस, हरकत, जबाब, शिक्का, तारीख, दप्तर हे शब्द अरबी-फारसी वळणाचे आहेत, पण ते कोणास अडत नाहीत. उलट ‘अनुज्ञेय’, ‘विषयांकित’, ‘संदर्भाधीन’, ‘सक्षम प्राधिकारी’, ‘त्रुटीची पूर्तता’ हे शब्द संस्कृत असूनही, किंबहुना संस्कृत असल्यामुळे, अडतात. म्हणजे शब्दाचे कूळ परके असणे आणि शब्द अपरिचित असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हैदराबादेत १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याच्या भाषांतर विभागाने अरबीच्या आधारे सहस्रावधी परिभाषा घडविल्या. पुढे महाराष्ट्रात संस्कृतच्या आधारे त्या घडविल्या गेल्या. दोन्ही प्रयत्नांची भाषिक दिशा परस्परविरुद्ध भासते. रीत मात्र एकच होती. दोघांनीही शेतकऱ्याच्या तोंडात नसलेल्या अभिजात भाषेकडे धाव घेतली.

तरीही प्रत्येक नवा शब्द मरतो असे नाही. जायकवाडी धरणाच्या जलाशयात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे ह्या तालुक्यांतील जमिनी गेल्या, आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीसाठीही जमिनी घेतल्या गेल्या. ‘प्रकल्पग्रस्त’ हा घडविलेला संस्कृत शब्द ह्या भागात सर्वतोमुखी झाला आहे. निरक्षर माणूसही ‘मी प्रकल्पग्रस्त आहे’ असे स्पष्ट उच्चारांत सांगतो. हा शब्द जगला, कारण तो ज्याच्याविषयी होता त्याने तो स्वतःविषयी वापरला. त्यावर हक्क सांगितला. याउलट ‘अनुज्ञेय’ हा शब्द माणूस माणसाशी बोलताना कधीच वापरत नाही. तो केवळ कागदाकडून कागदाकडे जातो. शब्दाची दुर्बोधता त्याच्या व्युत्पत्तीत नसून त्याच्या वापराच्या इतिहासात असते, असा निष्कर्ष यावरून काढावयास हरकत नाही.

३. ‘करण्यात येईल’

परंतु शब्दसंग्रह हा प्रश्नाचा वरवरचा भाग आहे. खरी अडचण वाक्यरचनेत आहे.

मराठीच्या कर्मणि प्रयोगाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात कर्ता नाहीसा होत नाही. ‘तलाठ्याने नोंद केली’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण कर्ता तृतीयेत ठामपणे उभा असतो. काम कोणी केले हे सांगितल्याशिवाय ही रचना सहसा पुरी होत नाही. कार्यालयीन मराठीने मात्र ह्या प्रयोगाऐवजी एक निराळी रचना आपलीशी केली आहे : ‘नोंद करण्यात आली’, ‘कळविण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. येथे धातुसाधित नाम सप्तमीत जाते आणि ‘येणे’ हे क्रियापद साहाय्याला येते. करणारा कोण, ह्यासाठी ह्या रचनेत जागाच नाही. ‘च्याकडून’ किंवा ‘मार्फत’ लावून तो आणता येतो, पण तो आणण्याची सक्ती व्याकरण करीत नाही. ‘तलाठ्याने’ हा शब्द गाळल्यास ‘नोंद केली’ हे वाक्य लंगडे होते. ‘नोंद करण्यात आली’ हे वाक्य मात्र कर्त्याशिवाय धडधाकट चालते. ह्या रचनेची सोय आहे ती हीच.

कर्त्याबरोबर काळही विरळ होतो. ‘येईल’ हे रूप भविष्यकाळाचे खरे, पण त्यास ‘यथावकाश’, ‘नियमानुसार’, ‘उचित’ अशी विशेषणे व अव्यये जोडली की तो भविष्यकाळ कोणत्याही दिवशी संपत नाही. आणि क्रियाही धूसर होते. ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ हे दोन शब्द कार्यालयात भिन्न आहेत. पहिल्यात शिक्षेचा अर्थ आहे, दुसऱ्यात केवळ कामकाजाचा. तक्रारदारास ‘आपल्या तक्रारीवर कार्यवाही करण्यात येत आहे’ असे उत्तर मिळाले की तो ‘कारवाई होणार’ असे समजून समाधानाने घरी जातो. काही महिन्यांनी त्याचा जो भ्रमनिरास होतो, त्यास कोणाची लबाडी कारणीभूत असतेच असे नाही. दोन शब्दांमधील अंतर त्यास पुरे होते.

ह्या संदर्भात एक घरचा अनुभव नमूद करतो. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीसाठी प्रस्तुत लेखकाने अर्ज केला होता. त्यावर एका कार्यालयाकडून उत्तर आले. त्याचा आशय असा की, संदर्भाधीन अर्जातील त्रुटींची पूर्तता करण्यात यावी, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल. त्रुटी कोणती, हे पत्रात नव्हते. कोणाकडे पूर्तता करावयाची, तेही नव्हते. पत्र वाचून दाखविल्यावर आईने विचारले, “निकाली म्हणजे आपलं काम झालं ना रे?” भाषाशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलास तिच्या प्रश्नाचे उत्तर देताना क्षणभर थांबावे लागले. ‘निकाल लागणे’ ह्याचा लोकभाषेतील अर्थ तिने बरोबर लावला होता. कार्यालयातील अर्थ त्याच्या नेमका उलट होता. चार खेपांनंतर तेथील एका कारकुनाने सहज, कामातून मान वर न करता सांगितले, “तुमच्या वडिलांचं नाव मृत्यूच्या दाखल्यावर एक आहे नि उताऱ्यावर दुसरं. तेवढं प्रतिज्ञापत्र जोडा, म्हणजे झालं.” 

ते पत्र ज्या टेबलावरून निघाले, त्याच टेबलावरून हे वाक्यही निघाले, ह्याकडे लक्ष द्यावे. कारकुनास सुबोध मराठी येत नव्हती, असे मुळीच नाही. बोलताना त्याने दोष कोणता, उपाय कोणता, परिणाम कोणता हे पंधरावीस शब्दांत सांगितले. लिहिताना मात्र त्याने ते सांगितले नाही, कारण लिहिलेले वाक्य उद्या वरिष्ठांपुढे, लेखापरीक्षकापुढे किंवा न्यायालयापुढे जाऊ शकते. कर्ता, काल आणि कारण ह्यांनी युक्त असलेले वाक्य लिहिणाऱ्यास बांधून घेते. ‘करण्यात येईल’ हे वाक्य कोणासही बांधीत नाही. तेव्हा ही रचना अज्ञानातून आलेली नसून भयातून आलेली आहे, आणि ते भय कारकुनाचेही आहे, हे त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे.

४. अर्जदाराची भाषा

येथवरचे विवेचन कार्यालयावरील आरोपपत्रासारखे वाटेल. परंतु अर्जदाराच्या भाषेकडे वळले असता असे दिसते की, कर्त्याचा लोप तेथेही तितकाच नियमित आहे.

कचेरीतून परतलेल्या माणसाचे बोलणे ऐकावे. ‘फाईल अडकली’, ‘सही राहिली’, ‘नाव लागलं नाही’, ‘काम पुढं सरकंना’, ‘सर्व्हर डाऊन होता’. ही सर्व वाक्ये अकर्मक क्रियापदांची आहेत. अडकणे, राहणे, लागणे, सरकणे ह्या क्रिया जणू आपोआप घडतात. फाईल कोणी अडविली, सही कोणी केली नाही, हे सांगणारी सकर्मक रूपे मराठीत अर्थातच आहेत, पण ती टाळली जातात. निर्जीव वस्तू कर्ता बनते आणि माणूस वाक्याबाहेर राहतो. ‘वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही’ ह्या सर्वपरिचित वाक्यात तर ठेवणारा आणि घेणारा असे दोघेही अदृश्य आहेत. दिसतो तो केवळ कागद.

स्वतःच्या बाजूने मात्र अर्जदार सारी क्रियापदे गतीची वापरतो. खेटे घालणे, हेलपाटे मारणे, चकरा मारणे, खेपा करणे, उंबरठे झिजविणे, चपला झिजणे. एकाच अनुभवासाठी भाषेने इतके पर्याय निर्माण करावेत, ही गोष्टच बोलकी आहे. ह्या साऱ्यांत माणूस चालतो, वस्तू झिजतात, आणि गंतव्य स्थान जागचे हलत नाही. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ह्या म्हणीत तर थांबणे हेच काम झाले आहे.

अर्जदार कर्त्याचे नाव का घेत नाही? त्याचे कारण विचारले असता एका शेतकऱ्याने दिलेले उत्तर पुरेसे आहे : “नाव घेऊन काय करता? उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचंय.” लग्नासाठी उत्पन्नाचा दाखला नको असेल, पण मुलाच्या प्रवेशासाठी लागेल, यंदा पीकविमा नसेल, पण पुढील साली पैसेवारी, ज्यास तो अजून आणेवारीच म्हणतो, कमी लागली तर मदत मागावी लागेल. कचेरीशी संबंध एकदाचा नसतो, जन्माचा असतो. म्हणूनच संबोधनात भाऊसाहेब, अण्णासाहेब, रावसाहेब अशी नात्याची व मानाची रूपे येतात, आणि अर्जाचा आरंभ अजूनही पुष्कळ ठिकाणी ‘यांचे सेवेशी’ असा होतो. ह्या ‘यांचे’मध्ये ‘यांच्या’ऐवजी टिकलेले जुने लेखी रूप आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने टिपावे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, हक्काची मागणी अशा रीतीने विनंतीच्या भाषेत सुरू होते, आणि विनंती नाकारल्यास कारण देण्याचे बंधन कोणावर नसते.

सारांश, कचेरी ‘करण्यात येईल’ म्हणून कर्ता लपविते आणि नागरिक ‘अडकली’ म्हणून तो लपवितो. एकीस उत्तरदायित्वाचे भय आहे, दुसऱ्यास सूडाचे. दोन भयांच्या मध्ये जबाबदार माणूस सुरक्षित राहतो.

५. हैतीचे उदाहरण

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे काय? ह्या ठिकाणी कॅरिबियन समुद्रातील हैती ह्या देशाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी १९५९ साली एकाच समाजातील उच्च आणि सामान्य अशा दोन भाषारूपांच्या द्वैताची कल्पना मांडली, तेव्हा अरबी, ग्रीक व स्विस जर्मन ह्यांच्याबरोबर त्यांनी जे चौथे उदाहरण घेतले ते हैतीचे होते. तेथे सारी जनता क्रेओल बोलते; फ्रेंच जाणणारा वर्ग लहान आहे. तरीही १८०४ च्या स्वातंत्र्यानंतर दीर्घ काळ न्यायालय, कायदा आणि कचेरी ह्यांची भाषा फ्रेंचच राहिली. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला आणि कायदे व शासकीय माहिती दोन्ही भाषांतून प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनावर घातले. तरीसुद्धा लेखी कारभारातील फ्रेंचचे प्राबल्य ओसरले नाही. जनतेचा ह्यावरील अभिप्राय तेथील एका म्हणीत आला आहे. तिचा अर्थ असा की, फ्रेंच बोलला म्हणजे शहाणा झाला असे नव्हे.

हैतीचे व आपले साम्य स्पष्ट आहे. भेदाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. हैतीतील शेतकऱ्यास कचेरीचा कागद समजला नाही, तर निदान तो परक्या भाषेत आहे एवढे त्यास ठाऊक असते. निजामकाळी गंगापूरच्या शेतकऱ्याचीही हीच स्थिती होती. आज कागद मराठीत आहे, लिपी ओळखीची आहे, वाचता येते. आणि तरीही अर्थ लागत नाही. अशा वेळी न समजण्याचा दोष वाचणारा भाषेस देत नाही, स्वतःस देतो. ‘आम्ही अडाणी, आम्हांला काय कळतंय’ हे उद्गार कचेरीच्या व्हरांड्यात किती सहजपणे ऐकू येतात! परकी भाषा माणसास बाहेर ठेवते. स्वभाषेचे दुर्बोध रूप त्यास बाहेर ठेवून शिवाय लाजवितेही. हा दुसरा अन्याय अधिक सूक्ष्म आहे.

६. कायद्याने मागितलेले व्याकरण

ह्या पार्श्वभूमीवर गेल्या दोन दशकांतील कायदे भाषाशास्त्राच्या दृष्टीने वाचून पाहावेत. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की, सामान्यतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर तिचा निर्णय पंचेचाळीस दिवसांत, आणि लागत असेल तर तीन महिन्यांत व्हावा. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आणखी पुढे जातो. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी कोण आणि मुदत किती, हे जाहीर करावयाचे असते. सेवा नाकारल्यास कारणे लेखी द्यावयाची असतात. त्याविरुद्ध दोन अपिले व पुढे आयोगाकडे दाद मागता येते, आणि कसूर सिद्ध झाल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

कोण, केव्हा, कशासाठी. कर्ता, काल, कारण. कार्यालयीन वाक्यातून जी तीन अंगे गळून पडतात, नेमकी तीच कायद्याने परत मागितली आहेत. म्हणजे कायद्याचा आशय एका व्याकरणाचा आणि त्याच कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पत्रांची भाषा दुसऱ्या व्याकरणाची, अशी विसंगती निर्माण झाली आहे. ‘आपला अर्ज नियमानुसार नाकारण्यात आला आहे’ हे वाक्य मराठी म्हणून शुद्ध आहे, परंतु २०१५ च्या अधिनियमाचा हेतू त्याने पुरा होत नाही, कारण ‘नियमानुसार’ हे कारण नव्हे.

संगणकावरील व्यवहारातही हेच आढळते. ऑनलाइन अर्जास क्रमांक मिळतो, सातबारा घरबसल्या निघतो, ही सोय खरी व मोठी आहे. तथापि पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढाच शब्द उमटला तर कोणाकडे प्रलंबित, हा जुना प्रश्न नव्या ठिकाणी उभा राहतो. पूर्वी फाईल अडकत होती, आता सर्व्हर अडकतो. क्रियापद तेच आहे.

समारोप

कार्यालयीन मराठी सोपी करा, असा उपदेश अनेकदा झाला आहे, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ शब्द बदलणे असाच घेतला गेला. प्रस्तुत विवेचनावरून असे म्हणावयाचे आहे की, शब्द बदलण्याआधी वाक्य बदलले पाहिजे. ‘अनुज्ञेय’ राहिला तरी चालेल; पण निर्णय कोणी घेतला, कधी घेतला आणि का घेतला, हे सांगणारे वाक्य असावे. असे वाक्य लिहिले म्हणजे दिरंगाई संपेल, अशी भाबडी आशा बाळगण्याचे कारण नाही. परंतु ज्या अन्यायाला वाक्यात कर्ता नाही, त्याच्याविरुद्ध अपीलही नीट लिहिता येत नाही, हे तितकेच खरे आहे.

ह्या विषयात विद्यापीठास आपले हात झटकता येणार नाहीत. आपल्या विभागात सादर होणारे प्रबंध उघडून पाहावेत. ‘असे दर्शविण्यात आले आहे’, ‘निष्कर्ष काढण्यात आले आहेत’, ‘सामग्री संकलित करण्यात आली’ ही वाक्ये पानोपानी आढळतील. कोणी दर्शविले, कोणी काढले, कोणाकडून संकलित केले, हे तेथेही विचारावे लागते. उद्या ह्यांतीलच काही विद्यार्थी स्पर्धापरीक्षा देऊन तालुक्याच्या कचेरीत खुर्चीवर बसतील, आणि जी वाक्ये त्यांनी आपल्याकडे शिकली तीच ते लिहितील. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी गेल्यावर घरातील जुने-नवे अर्ज व त्यांची उत्तरे काढून पाहावीत, प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा, आणि जेथे तो सापडत नाही तेथे घरातील माणसांना त्या कागदाचा अर्थ काय वाटला, हेही विचारून लिहून ठेवावे. असा संग्रह आपल्या विभागात जमला तर कार्यालयीन मराठीचा अभ्यास कोशाबाहेर येईल. आणि त्या निमित्ताने कोणा आईस ‘निकाली’ ह्या शब्दाचा खरा अर्थ वेळीच कळला, तरी ते काम वाया गेले असे म्हणता येणार नाही.